सेक्स ऑफेंडर रजिस्ट्रीचा खर्च ऑफेंडरकडूनच फी घेऊन भागवायचा? (अमेरिका)

रानवारा

मंडळी, अमेरिकेतल्या राज्यांच्या कायद्याबद्दल विचारायचंय, इथे तिकडे राहणारे बरेच जण आहेत म्हणून धागा काढतेय.

आमच्या राज्यात एक बिल आलंय. सेक्स ऑफेंडर रजिस्ट्रीवर, म्हणजे लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांच्या सरकारी यादीवर, ज्याचं नाव आहे त्या प्रत्येकाकडून वर्षाला १०० डॉलर नोंदणी फी घ्यायची, थोडी शेरीफकडे (काउंटीचा, म्हणजे जिल्ह्यासारख्या भागाचा, पोलीस प्रमुख) ठेवायची आणि बाकीची राज्य पोलिसांकडे, रजिस्ट्री चालवायला. आमच्या भागातल्या प्रतिनिधींचं पत्रक आलं त्यात ठळक अक्षरात लिहिलंय की आता या कामाला टॅक्सपेयरचा एक पैसाही लागणार नाही. वाचून पहिल्यांदा वाटलं, बरंच आहे की, ज्याच्यामुळे खर्च होतो त्याने भरावा. पण "एक पैसाही लागणार नाही" असं सरकारात कोणी म्हणायला लागलं की मला जरा खुटखुटतं.

तर प्रश्न असे की इतर राज्यांत अशी फी आहे का, किती आहे, तिच्यातून खरंच रजिस्ट्री चालते का, आणि शिक्षा भोगून झालेल्या माणसाकडून पुढे जन्मभर पैसे घेणं कोर्टात टिकतं का. गुन्हे किती भयानक असतात यावर कृपया वाद नको, त्यावर सगळ्यांचं एकमतच आहे.

खडूस_काका

यात विचारण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. ड्रायव्हिंग लायसन्सला फी, पासपोर्टला फी, शिकारीच्या परवान्याला फी, आणि ज्याने लहान पोरांना हात लावला त्याची नोंद मात्र माझ्या टॅक्समधून? वर्षाला १०० डॉलर म्हणजे महिन्याला साडेआठसुद्धा होत नाहीत, तेवढ्याची सिगारेट ओढत असतील. १०० कशाला, ५०० घ्या. ज्या घरात असं काही घडतं तिथला समुपदेशनाचा खर्च कोण देतं ते पण एकदा विचारा.

कागदपत्री

रानवारा, मी लॉ फर्ममध्ये पॅरालीगल (वकिलांचा मदतनीस) आहे, वकील नाही, तर हा सल्ला समजू नका, फक्त जे माहितीये ते सांगतो.

फी नवीन नाही, बऱ्याच राज्यांत आहे आणि आकडे अगदी वेगवेगळे आहेत. टेनेसीत वर्षाला १५० डॉलरपर्यंत, त्यातले १०० ज्या ऑफिसात नोंद होते तिथे राहतात आणि उरलेले राज्याच्या ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेशनकडे (राज्याची तपास यंत्रणा) जातात. विस्कॉन्सिनमध्ये १००, इलिनॉयमध्ये १००, मॅसॅच्युसेट्समध्ये ७५. मिशिगनमध्ये आधी एकदाच ३५ होते, २०१४ पासून दरवर्षी ५० झाले, पण एकूण ५५० झाले की बंद, म्हणजे वर कमाल मर्यादा आहे, हे बाकीच्यांपेक्षा बरं. इंडियानात काउंटीला हवं तर ५० पर्यंत आणि पत्ता बदलला की वर ५. कॅन्ससने दर तिमाहीला २० ठेवले, कारण तिथे वर्षातून चारदा हजेरी लावावी लागते. लुइझियानाची गंमत वेगळीच आहे, तिथे फी ६० असली तरी शेजाऱ्यांना टपालाने कळवायची पत्रं आणि पेपरातली जाहिरात हेही त्या माणसानेच स्वतःच्या खर्चाने करायचं, शहरात ०.३ मैल आणि गावाकडे १ मैल एवढ्या टापूतल्या घरांना, दर वेळी घर बदललं की परत. त्यापुढे फी म्हणजे किरकोळ.

आता कोर्टाचं. सगळा खेळ एकाच गोष्टीवर आहे, ही फी आहे की दंड. दंड म्हटला की ती शिक्षा झाली, आणि गुन्हा घडून गेल्यावर नव्या कायद्याने त्याची शिक्षा वाढवता येत नाही, राज्यघटनेतच तशी मनाई आहे. सुप्रीम कोर्टाने २००३ साली अलास्काच्या केसमध्ये, स्मिथ विरुद्ध डो, ६ विरुद्ध ३ असा निकाल दिला की रजिस्ट्री ही शिक्षा नाही, प्रशासकीय व्यवस्था आहे, म्हणून जुन्या गुन्हेगारांनाही लागू करता येते. एकदा रजिस्ट्रीच शिक्षा नाही म्हटल्यावर तिची फी तरी शिक्षा कशी होणार, असं ते ओळीने येतं.

फीवरच थेट निकाल हवा असेल तर विस्कॉन्सिनची केस बघा, म्युलर विरुद्ध रेमिश, सातव्या सर्किटचं अपील कोर्ट (काही राज्यांच्या गटासाठीचं केंद्रीय कोर्ट, सुप्रीम कोर्टाच्या खालचं), २०१४. खालच्या कोर्टाने १०० डॉलरला दंड ठरवलं होतं, अपील कोर्टाचे न्यायाधीश पोझनर यांनी ते उलटवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की रजिस्ट्री ठेवावी लागते ती या लोकांच्या गुन्ह्यामुळे, मग तिचा खर्च त्यांच्याकडून घेण्यात शिक्षा कुठे आली, आणि दंड म्हणायचाच असेल तर रक्कम खर्चाच्या मानाने अवाच्या सवा आहे हे दाखवण्याची जबाबदारी तुमची. ते काही दाखवता आलं नाही.

पण वारं थोडं फिरलंय. २०१६ मध्ये सहाव्या सर्किटने मिशिगनचा कायदा घेऊन सांगितलं की शाळेपासून हजार फुटांच्या आत राहायचं नाही, वारंवार जातीने हजर व्हायचं, हे सगळं एकत्र धरलं तर ती शिक्षाच झाली. २०२१ मध्ये मिशिगनच्या स्वतःच्या सुप्रीम कोर्टानेही बेट्स केसमध्ये तसंच म्हटलं. यातलं काहीही एकट्या फीवर नाही. तेव्हा काका म्हणतात ते ५०० आणले तर वकिलांची चांदी होईल, १०० बहुतेक टिकतील.

खडूस_काका

म्हणजे टिकतं ना. मग झालं तर.

बजेटवाली

कोर्टात टिकणं वेगळं आणि हिशेबात टिकणं वेगळं, काका. मी एका काउंटीच्या फायनान्समध्ये बरीच वर्षं होते, कुठल्या ते सांगत नाही. रानवारा यांचा खरा प्रश्न मला वाटतं दुसरा आहे, फीमधून रजिस्ट्री चालते का, आणि त्याचं उत्तर नाही असं आहे, आणि कारण भलतंच साधं आहे, या लोकांकडे पैसे नसतात. ज्याचा फोटो नावापत्त्यासकट सरकारी वेबसाइटवर आहे त्याला नोकरी कोण देतं? भाड्याने घर कोण देतं? आणि नेमक्या त्याच माणसाच्या खिशावर आपण बजेटची एक ओळ उभी करायची.

आता खर्च कशाचा असतो ते बघा. लोकांना वाटतं वेबसाइट चालवायला किती लागतं. वेबसाइट सगळ्यात स्वस्त हो. पैसा जातो तो माणसांवर. २००६ च्या ॲडम वॉल्श कायद्याप्रमाणे तीन टियर, म्हणजे पायऱ्या, आहेत, पहिल्यातल्याने १५ वर्षं वर्षातून एकदा, दुसऱ्यातल्याने २५ वर्षं दर सहा महिन्यांनी आणि तिसऱ्यातल्याने जन्मभर दर तीन महिन्यांनी समोर येऊन उभं राहायचं. म्हणजे तिसऱ्या टियरचा एक माणूस म्हणजे वर्षाला कमीत कमी चार वेळा काउंटरवर अर्धा पाऊण तास. फोटो, बोटांचे ठसे, गाडीचा नंबर, नोकरीचा पत्ता, इंटरनेटवरची नावं. शिवाय डेप्युटी (शेरीफच्या हाताखालचे पोलीस) घरोघर जाऊन बघणार की दिलेल्या पत्त्यावर माणूस खरंच राहतो का, तेही संध्याकाळी आणि वीकेंडला, कारण दिवसा कोणी घरी नसतं, म्हणजे ओव्हरटाइम. एकजण सापडला नाही की वॉरंट, प्रॉसिक्युटर, सरकारने दिलेला बचावाचा वकील, जेलचे दिवस. हे सगळं ज्या खात्यांवर पडतं ती खाती रजिस्ट्रीच्या बजेटमध्ये दिसतच नाहीत.

हा खर्च इतका आहे की केंद्र सरकारने सांगितलं होतं, आमचे निकष पाळले नाहीत तर बर्न ग्रँटमधले (राज्यांच्या पोलीस-न्याय कामासाठीचं केंद्राचं अनुदान) १० टक्के कापू, तरी निम्म्याहून जास्त राज्यांनी आजवर ते पूर्णपणे लागू केलेले नाहीत. कारणं वेगवेगळी आहेत पण बऱ्याच ठिकाणी साधी बेरीज-वजाबाकी होती, पाळण्यापेक्षा १० टक्के सोडलेले परवडतात.

आता तुमच्या १०० डॉलरचं. समजा, नुसतं समजायला बरं का, राज्यात ५००० जण रजिस्ट्रीवर आहेत. कागदावर झाले ५ लाख. त्यातले काही तुरुंगात आहेत, ते भरत नाहीत. काही राज्य सोडून गेले. काहींना माफी. काही नुसतेच भरत नाहीत. हातात निम्मे आले तर अडीच लाख, त्यातून पावत्या, थकबाकीची नोटीस, माफीचे अर्ज तपासणारा माणूस, हे वजा करा. जे उरतं त्यात एक मध्यम काउंटीसुद्धा दोन डेप्युटी धड ठेवू शकत नाही, राज्याची रजिस्ट्री तर लांबच.

आणि सगळ्यात वाईट पुढे येतं. पहिल्या वर्षी फी ही वरची मदत असते. दुसऱ्या तिसऱ्या वर्षी विधिमंडळाच्या कमिटीत कोणीतरी म्हणतो की यांना आता स्वतःचं उत्पन्न आहे, मग जनरल फंडातून (टॅक्समधून भरणारी सरकारची मुख्य तिजोरी) एवढे कशाला. जनरल फंडातले कापले जातात आणि फी काही वाढत नाही. मग शेरीफ काय करणार, फी दुप्पट मागणार. हे मी रजिस्ट्रीबद्दल नाही, दुसऱ्या दोन तीन फींबद्दल अगदी याच क्रमाने बघितलंय.

खडूस_काका

बजेटवाली ताई, आकडे ठीक आहेत पण अडीच लाख म्हणजे शून्य नाही ना. जे भरू शकतात त्यांनी तरी भरावं. सगळेच काही पुलाखाली झोपत नाहीत, रजिस्ट्रीवर डॉक्टर आहेत, शिक्षक होते, चर्चवाले आहेत.

नीलिमा_जे

काका, भरू शकणाऱ्यांनी भरावं याला माझीही हरकत नाही. पण न भरू शकणारा काउंटरवर आला की काय होतं ते मी बघितलंय म्हणून लिहिते. तुरुंगातून सुटलेल्यांना कागदपत्रं, शेल्टर वगैरे मिळवून द्यायला मदत करणाऱ्या एका संस्थेत मी शनिवारी आणि कधी कधी आठवड्यात जाते. एकाला नोंदणीला घेऊन गेले होते, साठीचा माणूस, शेल्टरमधून बाहेर पडून एका रूमिंग हाउसमध्ये गेला होता, म्हणजे पत्ता बदलला, म्हणजे तीन कामाच्या दिवसांत कळवायला हवं. काचेमागे बाई बसलेल्या, काचेवर आतून चिकटवलेला कागद, रोख घेतली जात नाही, चेक घेतला जात नाही, फक्त मनी ऑर्डर (इथे ती आधी पैसे भरून घ्यायची चेकसारखी चिठ्ठी असते), बरोबर रकमेची. याच्याकडे रोख होती, तीही कमी. बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो पत्ता काय असा नाही, फी आणलीय का. नाही म्हटल्यावर फॉर्म खिडकीतून परत सरकवला, फी घेऊन या. मी म्हटलं निदान पत्ता तरी लिहून घ्या, तर म्हणाल्या सिस्टिममध्ये पैसे टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. खरं होतं का खोटं मला माहीत नाही. त्यांचाही दोष नव्हता म्हणा, त्यांना तसंच शिकवलेलं.

तर झालं काय, तो माणूस स्वतःच्या पायाने येऊन सांगत होता की मी इथे राहतो, आणि सरकार म्हणालं आत्ता नको सांगू. रजिस्ट्री कशासाठी आहे? कोण कुठे राहतो हे पोलिसांना माहीत असावं म्हणून ना? मग पत्त्याच्या वाटेत पैशांचा अडसर कोण घालतं?

आणि हे नुसतं माझ्या मनातलं नाही. प्रेस्कॉट आणि रॉकॉफ या दोघांचा २०११ चा अभ्यास आहे, बऱ्याच राज्यांची आकडेवारी घेऊन केलेला. त्यात असं दिसलं की पोलिसांकडे ताजी नोंद असणं, म्हणजे रजिस्ट्रेशन, याने गुन्हे कमी व्हायला मदत होते, मुख्यतः ओळखीतल्या आणि शेजारपाजारच्या लोकांवरचे. उलट सगळ्या जगाला वेबसाइटवर दाखवणं, याने आधीच नोंद असलेले लोक परत गुन्ह्याकडे वळण्याचं प्रमाण वाढत असावं, कारण त्यांच्याकडे गमावण्यासारखं काही उरत नाही. म्हणजे या सगळ्या यंत्रणेत जो भाग उपयोगाचा आहे तो म्हणजे त्या काचेमागच्या बाईंनी पत्ता लिहून घेणं. फी नेमकी तिथेच आडवी येते.

कागदपत्री

नीलिमा, तुम्ही सांगितलेलं कायद्याच्या भाषेत लिहिलं तर असं होतं की नोंदणी आणि वसुली एकमेकांना बांधू नका. आधी नोंद, मग पैशांची मागणी. रानवारा, तुमच्या बिलात हेच शोधा, १०० चा आकडा दुय्यम आहे.

म्हणजे फी दिली नाही तर नेमकं काय होतं? मिशिगनमध्ये मुद्दाम ९० दिवसांत भरली नाही तर मिसडिमिनर (किरकोळ गुन्हा), जास्तीत जास्त ९० दिवस जेल. टेनेसीत ऐपत असून फी न भरणं हे रजिस्ट्रीच्या कायद्याच्या उल्लंघनातच धरलंय, आणि ते फेलनी (गंभीर गुन्हा) आहे, पहिल्याच वेळी किमान ९० दिवस आत. "ऐपत असून" हे दोन शब्द तिथे आहेत म्हणून बरं. पण ऐपत कोण ठरवणार? इलिनॉयमध्ये माफी द्यायची की नाही ते नोंद करणारं पोलीस खातंच ठरवतं, म्हणजे ज्याच्या गल्ल्यात पैसे पडणार तोच. मिशिगनमध्ये गरिबी सिद्ध करायची जबाबदारी त्या माणसावर, आणि माफी ९० दिवसांपुरती, मग परत सिद्ध करा.

पैसे नाहीत म्हणून तुरुंगात टाकायचं यावर सुप्रीम कोर्टाचा जुना निकाल आहे, बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया, १९८३. प्रोबेशनवरच्या (तुरुंगाऐवजी अटींवर बाहेर ठेवलेल्या) माणसाने दंड भरला नाही म्हणून आत टाकण्याआधी कोर्टाने बघितलं पाहिजे की तो मुद्दाम भरत नाहीये का त्याच्याकडे नाहीतच. अडचण अशी की ते कोर्टात. काउंटरवर कोण बघतं.

खडूस_काका

पत्ता न घेता परत पाठवणं हा शुद्ध मूर्खपणा आहे, ते मान्य. उद्या तोच माणूस कुठे आहे ते कळत नाही म्हणून दोन डेप्युटी पेट्रोल जाळत फिरणार, ते पण माझ्याच पैशाने. पण त्यावरून फीच नको हे मला पटत नाही. पत्ता घ्या, आणि पैसे त्याच्या टॅक्स रिफंडमधून कापा.

बजेटवाली

रिफंडमधून वसुली बरीच राज्यं बाकीच्या थकबाकीसाठी करतातच, म्हणजे ते शक्य आहे, आणि काउंटरवर भांडण होत नाही हा मोठा फायदा. फक्त ज्याला उत्पन्नच नाही त्याला रिफंड कसला. तर परत डॉक्टर आणि शिक्षकच भरणार. चालेल, पण मग पत्रकातलं ते "एक पैसाही लागणार नाही" खोडा. फी ठेवायचीच असेल तर ती रजिस्ट्रीचा पाया म्हणून नाही, वरखर्चाला हातभार म्हणून ठेवा, आणि जनरल फंडातली रक्कम फीमुळे कमी करता येणार नाही असं कायद्यातच लिहून घ्या. हे वाक्य घालायला कोणी प्रतिनिधी तयार होत नाही, बघा विचारून.

रानवारा

सगळ्यांचे आभार, विशेषतः काका तुमचे, कारण माझ्या सासऱ्यांचं म्हणणं अगदी शब्दशः तुमचंच आहे 😀

बिलाचा मसुदा काढून वाचला. माफीचं कलम आहे, पण "शेरीफ आपल्या विवेकानुसार" एवढंच. फी न देणं म्हणजे नोंदणी न करणं समजायचं का, यावर एक अक्षर नाही. वर कमाल मर्यादा नाही. आणि एक विचित्र वाक्य सापडलं, राज्य सोडून गेलेल्यानेही "नोंदणीचा कालावधी संपेपर्यंत" फी भरायची. हे कसं? तो नव्या राज्यातही भरणार ना?

कागदपत्री

विस्कॉन्सिनच्या केसमधले दोघे अगदी तेच होते, राज्य सोडून गेलेले, तरी तिथली नोंद आणि १०० डॉलर चालूच. कोर्टाला त्यात काही गैर वाटलं नाही. तर हो, दोन राज्यांत दोन फी होऊ शकतात. ते वाक्य काढायला सांगाच, कारण राज्याबाहेरच्या माणसावर तुमचा शेरीफ ना नजर ठेवणार ना घरी जाऊन बघणार, मग खर्च भरून काढतोय म्हणायला आधार काय राहिला? फी आणि दंड यांतला फरक तिथेच पुसट होतो. कोणी कोर्टात गेलंच तर पहिलं बोट त्याच वाक्यावर ठेवतील.

रानवारा

हिअरिंग पुढच्या महिन्यात आहे, लेखी म्हणणं ईमेलने देता येतं असं साइटवर दिसतंय. आधी कोणी दिलंय का? किती मोठं लिहायचं?

बजेटवाली

एक पान. त्याहून मोठं कमिटीत कोणी वाचत नाही. रजिस्ट्री चांगली की वाईट यात शिरू नका, नाहीतर तुमचं पत्र लगेच एका गठ्ठ्यात जातं. फिस्कल नोट (बिलाच्या जमाखर्चाचा सरकारी अंदाज) मागा, त्यात वसुलीचं प्रमाण किती टक्के धरलंय ते विचारा. शंभर टक्के धरलं असेल, बहुतेक धरलेलंच असतं, तर तेवढं एकच वाक्य वर ठेवा. आणि नीलिमा म्हणाली ते खाली, फी नसली तरी पत्ता लिहून घ्यावाच लागेल असं कलम घाला म्हणून. ते शेरीफ लोकांनासुद्धा आवडेल, त्यांच्या संघटनेला कॉपी टाका.

खडूस_काका

पत्ता लिहून घ्यायच्या कलमाला माझा पाठिंबा लिहा. फीलाही लिहा.